एसटीचा केक घरी करायचाय, हातात ६०० रुपये आहेत

रानजाई | ९ मे, रात्री १०:४०

नमस्कार. माझा लेक १ जूनला पाच वर्षांचा होतोय. त्याचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते. एसटीचाही वाढदिवस १ जूनलाच असतो, १९४८ साली याच तारखेला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली होती. आजोबांनी ही गोष्ट त्याला इतक्यांदा सांगितलीय की एसटी आणि आपण जुळे आहोत असंच तो धरून चाललाय. त्यात पाच पूर्ण झाली की अर्धं तिकीट लागतं. आत्तापर्यंत तो फुकट बसायचा, आता त्याच्या नावाचं स्वतःचं तिकीट फाडणार. नवीन कपड्यांपेक्षा त्याला याचंच अप्रूप जास्त आहे.

तर केक एसटीचा हवा. लाल. पुढे पाटी असलेला.

इथे संगमनेरात चौकशी केली. दीड किलोचे १८०० सांगितले. त्यांची मेहनत बघता तो दर जास्त आहे असं मी म्हणणार नाही, पण यंदा आमच्याकडे या कामाला ६०० आहेत आणि वाड्यातली वीस-बावीस पोरं येणार. ओव्हन नाही. ५ लिटरचा कुकर आहे, एका दाराचा फ्रीज आहे, बीटर नाही. घरात अंडं चालत नाही. साधा केक आजवर दोनदा केलाय, दोन्ही वेळा बरा झाला होता. तीन आठवडे हातात आहेत. जमेल का? कुठून सुरुवात करू?

पिठीसाखर | ९ मे, रात्री ११:२०

जमेल. मी ठाण्यात घरून केकच्या ऑर्डरी घेते, म्हणून आधी पैसे कुठे जातात ते सांगते. स्पंज स्वस्त असतो. महाग असतं ते फाँडंट, रंग, आणि करणारीचे सहा-सात तास. तास तुमचे घरचे आहेत. फाँडंट घेऊच नका. किलोला अडीचशे-तीनशे जातात, फ्रीजमधून बाहेर काढलं की दमट हवेत त्याला घाम फुटतो, आणि पोरं ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. क्रीम आणि बिस्किटांवर काम होईल.

स्पंज दह्याचा करा. एका घाण्याला मैदा दीड कप, पिठीसाखर पाऊण कप, ताजं दही एक कप, तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा चमचा, सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा. दही-साखर फेटून त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घालायची, पाच मिनिटं ठेवायचं, बुडबुडे आले की तेल, मग चाळलेला मैदा. मैदा घातल्यावर फार घोटू नका, चिवट होतो. तेलाचा स्पंज फ्रीजमध्ये ठेवूनही मऊ राहतो, लोण्याचा दगड होतो. तुम्हाला दोन घाणे लागतील. सजवून केक साधारण दीड किलोचा होईल, बावीस पोरांना पुरेल.

गणिताचा तास | १० मे, सकाळी ७:०५

ताई, कुकरचं भांडं गोल, बस लांबट. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल केकमधून १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापली तर लांबी १७ मिळते, आणि दोन्ही बाजूंचे कमानीसारखे तुकडे उरतात. एका गोलातून बसचा एकच थर. २० बाय २० चा चौकोनी डबा मिळाला तर मधोमध कापून १० बाय २० चे दोन थर, वाया काहीच नाही. पण तो डबा तुमच्या कुकरात शिरणार नाही, त्याचा कर्णच २८ भरतो.

खरी एसटी रुंदीच्या चौपट लांब असते. केक तसा करायला जाऊ नका, अरुंद आणि उंच झाला की कलतो. रुंदीच्या दुप्पट लांबी ठेवा. पोरांच्या चित्रातली बस तशीच ठेंगणी असते.

माजघर | १० मे, सकाळी ९:३०

एवढं कापाकापीचं काम असेल तर निम्मा मैदा काढून बारीक रवा घाला. रव्याचा केक घट्ट असतो, सुरी लावली की भुगा पडत नाही. आमच्याकडे मुलांच्या लहानपणी वाळूच्या कढईत हाच व्हायचा.

रानजाई | १३ मे, दुपारी ३:१५

काल कुकरमध्ये अर्ध्या प्रमाणात करून बघितला. खाली मीठ पसरलं, शिट्टी आणि रिंग काढली होती. वर छान आला होता, पण मध्ये बसला, आणि तिथेच ओला राहिला. चव चांगली होती, पोरांनी वाटीत घेऊन संपवला. काय चुकलं असेल?

पिठीसाखर | १३ मे, दुपारी ४:००

झाकण किती वेळाने उघडलंत?

रानजाई | १३ मे, दुपारी ४:२०

वीस मिनिटांनी. वास सुटला म्हणून उघडलं.

पिठीसाखर | १३ मे, दुपारी ४:५०

तेच झालं. केक फुगलेला असतो पण आतली भिंत अजून शिजलेली नसते, गार हवा लागली की बसतो. मिठासकट रिकामा कुकर आधी दहा मिनिटं तापवा, भांडं ठेवल्यावर आच अगदी मंद, आणि पस्तीस मिनिटं हात लावू नका. मग विणायची सुई घालून बघा. बेकिंग पावडर जुनी आहे का तेही बघा. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकायची, लगेच फसफसली तर चांगली. सोडा लिंबाच्या रसात टाकून बघायचा.

पोळपाट लाटणं | १३ मे, रात्री ९:१०

रानजाई, तुमच्याकडे पाव भाजणारी बेकरी असेल ना? आमच्या आईच्या वेळी मे महिन्यात तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जायचो, नानकटाई भाजून मिळायची. अजूनही पुष्कळ गावांत किलोमागे पैसे घेऊन भाजून देतात. तुम्ही तुमचं पीठ कालवून न्या. आणि त्यांच्याकडे ब्रेडचे लांबट साचे असतात. तो आकार म्हणजे बसच झाली!

गणिताचा तास | १३ मे, रात्री ९:४०

ब्रेडचा साचा! माझी सगळी आकडेमोड रद्द. साधारण २२ बाय १० चा असतो. प्रत्येकी एक घाणा घालून दोन साचे भाजा, वरचा घुमट कापा, एकावर एक ठेवा. नऊ-दहा सेंटिमीटर उंची आरामात मिळेल आणि बाजूंना कापायची गरज नाही.

पिठीसाखर | १३ मे, रात्री १०:०५

पोळपाटताईंचा हा सल्ला उत्तम आहे. फक्त तीन गोष्टी. साच्याला बटर पेपर लावताना दोन्ही लांब कडांवरून बाहेर लोंबू द्या, त्याला धरून केक उचलता येतो. पीठ अर्ध्या साच्यापर्यंतच भरा. आणि पावाची भट्टी सकाळी फार कडक असते, पाव निघून ती उतरल्यावर, दुपारच्या सुमाराला, ठेवायला सांगा. कडक भट्टीत वरून करपेल आणि आतून कच्चा राहील. पीठ मात्र घरून कालवून नेऊ नका. सोडा-दही एकदा मिसळलं की थांबत नाही. कोरडं वेगळं, ओलं वेगळं न्या आणि तिथेच कालवा.

रानजाई | १५ मे, संध्याकाळी ६:३०

बेकरीवाले काका हो म्हणाले. दोन साच्यांचे ६० रुपये घेतील, दुपारी दोनला या म्हणाले. मी इतकी खूश आहे की काय सांगू.

आता लाल रंगाचं. दोन चमचे क्रीममध्ये लाल रंग घालून बघितला. गुलाबीच होतंय. आणखी घातला तर जीभ कडवट झाली.

निळी शाई | १५ मे, रात्री ८:००

एक सुचवू? ती १९४८ची पहिली गाडी लाल नव्हती. निळी होती, वरचा टप चंदेरी. निळा रंग क्रीमला थोडक्यात चढतो. आजोबांच्या गोष्टीतली गाडीच होईल.

रानजाई | १५ मे, रात्री ८:४५

आजोबांना फार आवडलं. लेकाला विचारलं. तो म्हणाला, "निळी आपल्या गावाला जात नाही." लालच.

पिठीसाखर | १५ मे, रात्री ९:३०

मग लालच करू. पांढऱ्या क्रीमला थेट लाल करायला गेलं की रंग ढीगभर जातो आणि कडू होतं. आधी क्रीममध्ये दोन चमचे कोको चाळून घाला, ते फिकट तपकिरी होईल. त्यावर लाल जेल रंग. एसटीचा लाल तसाही थोडा विटकरीच असतो. आणि आदल्या रात्री कालवून फ्रीजमध्ये ठेवा. घालताना फिका वाटला तरी सकाळपर्यंत तो गडद होतो. पाण्याचा रंग घेऊ नका, क्रीम सैल पडतं.

दवाखान्याची पायरी | १६ मे, सकाळी ८:१५

रंगाबद्दल एवढं सांगायचंय की कागदाच्या पुडीतला सुटा रंग कृपा करून घेऊ नका, दोन रुपयांना मिळाला तरी. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव बघा. लालमध्ये पोन्सो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन ही नावं चालतात. र्‍होडामिन बी हा कापडाचा रंग आहे. २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंच्युरियन आणि म्हातारीचे केस यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली ती तो सापडला म्हणूनच. परवानगीचा रंगही मोजकाच वापरायचा असतो. म्हणून पिठीसाखरताईंची कोकोची युक्ती मला दोन्ही अंगांनी पटली. बिटाचा रस क्रीमला गुलाबीपलीकडे नेत नाही, आणि भाजायच्या पिठात घातला तर तपकिरी होतो.

मिरगाचा पाऊस | १६ मे, दुपारी १२:४०

मी रत्नागिरीची. एसटीचा पिवळा पट्टा कशाचा करणार? आंब्याचं साठ घ्या, आंबापोळी. कात्रीने एक बोट रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि क्रीमवर नुसत्या चिकटवायच्या. रंग नको, साखर नको, आणि मे महिना म्हणजे घरोघरी वाळत घातलेलीच असते. पोरं आधी तोच पट्टा ओढून खातील बघा.

रानजाई | १६ मे, दुपारी २:१०

मिरगाताई, माझ्या मावशीने देवगडहून पाठवलेली आहे घरात! हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

दूरदेशी | १७ मे, सकाळी ६:२०

मेलबर्नहून लिहितेय. इकडे मुलांसाठी घरीच आकाराचा केक करायची जुनी रीत आहे. रेल्वेचे डबे करतात आणि त्यात पॉपकॉर्न भरतात, हिरव्या-निळ्या जेलीचा पोहण्याचा तलाव करतात. माझ्या मुलीसाठी चार वर्षं मी हेच केलं. त्यातून शिकले ते हे, की मूल केक तीन-चार खुणांवरून ओळखतं. त्या खुणा ठसठशीत असल्या की बाकीचं क्रीम ओबडधोबड असलं तरी ते त्याला दिसतच नाही. तुमच्या लेकाला विचारा, एसटी काढ. तो काय काढतो ते बघा, तेवढंच करा.

रानजाई | १७ मे, रात्री ९:००

काढायला सांगितलं. चाकं, खिडक्या, पुढची पाटी. दाराशी कंडक्टर, आणि टपावर सामान. आता टपावर सामान कुठे असतं, पण आजोबांच्या गोष्टींमधल्या गाडीला मागे शिडी असते आणि वर बोचकी, कोंबड्यांच्या पाट्या, एकदा म्हणे नवरीचं कपाट.

माजघर | १७ मे, रात्री ९:२५

शंकरपाळ्यांची बोचकी करा. चिक्कीचा चौकोनी तुकडा म्हणजे ट्रंक.

पोळपाट लाटणं | १७ मे, रात्री ९:३०

चाकं ओरिओ. खिडक्यांना बोरबॉन, मधून उघडून क्रीम नसलेली बाजू बाहेर. एका बाजूला तीन बसतील. दिवे पिवळ्या जेम्सचे. बिस्किटं अगदी शेवटी लावा हं, क्रीममध्ये दोन-तीन तासांत नरम पडतात.

पिठीसाखर | १७ मे, रात्री १०:१५

पाटीसाठी दुधाच्या पावडरची वडी. दूध पावडर आणि पिठीसाखर सारखी, चमचा-चमचा दूध घालत पेढ्यासारखं मळायचं, पातळ लाटून आयत कापायचा, रात्रभर उघडं वाळू द्यायचं. ताठ होतो. त्यावर कोको कालवून लिहा. दुधाच्या पिशवीचा स्वच्छ धुतलेला कोपरा बारीक कापला की कोन तयार. आधी शिरोरेखा ओढून घ्या, मग अक्षरं खाली लटकवा. उलटं केलं की ओळ तिरकी जाते.

क्रीम वनस्पती तुपाचं, टॉपिंग म्हणून मिळतं तेच घ्या. डेअरीचं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, ते कितीही घुसळलं तरी उभं राहत नाही. फ्रीजरमधून काढून फ्रीजमध्ये सैल होऊ द्या, थोडे बर्फाचे कण असतानाच फेटा. भांड्याखाली बर्फाचं पातेलं. हाताने पंधरा मिनिटं लागतील, दोघींनी आळीपाळीने करा. ४०० ग्रॅम पुरेल, फेटून ते तिप्पट होतं. आणि फ्रीजच्या कप्प्याची उंची आज मोजा. त्या दिवशी नको.

रानजाई | १८ मे, सकाळी ७:३०

मोजली. कप्पा २१ सेंटिमीटर. पाट आणि केक मिळून १४ होतात. वरचं सामान ऐनवेळी चढवेन.

रानजाई | २ जून, सकाळी ११:५०

झाला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

३० तारखेला दुपारी बेकरीत गेले. काकांनी साचे स्वतः पुसून दिले. एक केक सुरेख आला. दुसरा भट्टीच्या आतल्या बाजूला होता, त्याच्या एका कडेला रंग जास्त चढला. तो खाली घातला आणि ती कड कापून टाकली. कापलेले घुमट, कडा, सगळं एका डब्यात ठेवलं. रात्रभर फ्रीजमध्ये राहिल्यावर सुरी लोण्यातून जावी तशी फिरली, गरम केक कापायचा नाही हे पटलं.

३१ला सकाळी जाऊबाईंनी आणि मी क्रीम फेटलं. वीस मिनिटं लागली, बर्फ दोनदा बदलला. थोडं पांढरं मध्ये भरायला ठेवलं, त्यात मिक्स फ्रूट जॅम. बाकीच्यात कोको आणि लाल. संध्याकाळपर्यंत रंग इतका बदलला की सासूबाईंनी विचारलं, पुन्हा घातलास का. आधी एक पातळ थर देऊन अर्धा तास गार केला, त्यात भुगा अडकून राहतो. मग दुसरा थर. सपाट करायला उलथनं गरम पाण्यात बुडवून पुसून फिरवलं.

अडचण आली ती पुढच्या काचेची. बोरबॉन तिथे फार लहान दिसत होता. शेवटी पाटीसाठी लाटलेल्या दुधाच्या वडीचाच मोठा तुकडा लावला आणि त्यावर कोकोने मधली दांडी ओढली. पाटीवर "पुणे – नगर" लिहायचं ठरलं होतं. लेकाने ऐनवेळी "संगमनेर" मागितलं. पाटी वाळून तयार होती. मग आजोबा म्हणाले, मागे पण पाटी असते की. मागे संगमनेर लिहिलं, दुसऱ्याच प्रयत्नात नीट आलं.

आंबापोळीचा पट्टा लावला आणि ती एकदम एसटी झाली. त्याआधी लाल वीट होती, खरंच. चाकं आणि खिडक्या साडेपाचला लावल्या, टपावर शंकरपाळी आणि चिक्की सहाला. दिवसभर उकाडा होता, पण केक फ्रीजबाहेर पाऊण तासच होता, क्रीमने धीर धरला.

खर्च सांगते. मैदा २५, साखर २०, दही ४०, तेल ३०, बेकिंग पावडर-सोडा-व्हॅनिला मिळून ६०. क्रीमचा किलोचा पुडा समोरच्या वहिनींबरोबर वाटून घेतला, माझे १२०. लाल जेल ४५, कोको ४०, बिस्किटं ४०, जेम्स १०, दूध पावडर २०, भाजणावळ ६०. एकूण ५१०. जॅम, आंबापोळी, शंकरपाळी, चिक्की घरचीच. उरलेल्या ९० मध्ये मेणबत्ती आणि कागदी ताटल्या आल्या. कापलेल्या तुकड्यांवर कस्टर्ड आणि आंब्याच्या फोडी घालून आज पुन्हा पोरांना देतेय.

आता मुख्य गोष्ट. केक कापायच्या आधी आजोबा आत गेले आणि त्यांचा जुना पंच घेऊन आले. मला माहीतच नव्हतं, त्यांनी दुपारभर बसून रंगीत कागदाची तिकिटं कापली होती. प्रत्येक पोराला रांगेत उभं करून, "कुठं जायचं?" विचारून, भोक पाडून तिकीट दिलं. तिकीट दाखवेल त्याला केक. आठ वर्षांची एक पोर म्हणाली, मला नाशिक. तिला खिडकीची जागा म्हणून बोरबॉनचा तुकडा मिळाला. लेकाला सगळ्यांत शेवटी बोलावलं आणि म्हणाले, "आजपासून अर्धं." त्यांनी ते तिकीट मधोमध दुमडून दिलं. मग आजोबांनी तोंडाने डबल बेल दिली आणि त्याने सुरी फिरवली. चाकं त्याने कोणाला दिली नाहीत.

दूरदेशी | २ जून, दुपारी १:१५

हे वाचून रडू आलं. तो पंच जपून ठेवा.

मिरगाचा पाऊस | २ जून, दुपारी २:००

पट्टा आधी खाल्ला का?

रानजाई | २ जून, दुपारी २:१०

आधी तोच! मेणबत्ती विझायच्या आत एका बाजूचा गायब झाला होता.

सकाळची शाळा | ४ जून, रात्री ८:३०

रानजाईताई, माझ्या मुलीला ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर हवाय. ब्रेडच्या साच्यातून होईल का? मागची मोठी चाकं कशाची करू?

पिठीसाखर | ४ जून, रात्री ९:१५

होईल. एकच साचा पुरेल, निम्मा इंजिनाला आणि निम्मा उभा कापून बसायच्या जागेला. मोठ्या चाकांना वाटीने स्पंजचेच गोल कापा आणि कडेने कोको क्रीम फिरवा. लहान चाकं ओरिओ. ऑगस्ट म्हणजे दमट हवा, बिस्किटं अगदी शेवटच्या घटकेला लावा.

रानजाई | ४ जून, रात्री ९:४०

लाल जेलची बाटली माझ्याकडे पाऊण शिल्लक आहे. तुम्ही जवळपास असाल तर घेऊन जा. ट्रॅक्टर कुठल्या रंगाचा हवाय?